लिंकिन पार्कचा 'रिचार्ज्ड': गाणी नाचवली की नुसतीच पळवली?

सुदामानगरी | शनिवार, रात्री ९:४०

लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडच्या 'रिचार्ज्ड' या रीमिक्स अल्बमवर येथे स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून काढत आहे. इंदुरातील आम्हा मराठी रॉकप्रेमींच्या गटात या अल्बमवरून इतकी दुफळी माजली आहे की एरवी पोह्यांवर शेव किती असावी एवढ्यावरच भांडणारी मंडळी आता डीजे स्टीव्ह आओकीवरून एकमेकांशी अबोला धरण्याच्या बेतात आहेत.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बँडचा 'लिव्हिंग थिंग्ज' हा अल्बम जून २०१२ मध्ये आला आणि त्यातील गाण्यांच्या नव्या रूपांचा 'रिचार्ज्ड' ऑक्टोबर २०१३ मध्ये निघाला. मूळ अल्बममध्ये १२ गाणी आहेत. त्यांपैकी 'इन माय रिमेन्स' आणि सव्वा मिनिटाचा वाद्यतुकडा 'टिनफॉइल' ही दोन वगळून उरलेल्या १० गाण्यांची रीमिक्स येथे आहेत. 'आय विल बी गॉन' आणि 'अंटिल इट ब्रेक्स' ही दोन गाणी प्रत्येकी दोन वेगवेगळ्या हातांतून गेली आहेत, आणि आओकीसोबत केलेले नवे गाणे 'अ लाइट दॅट नेव्हर कम्स' आरंभी एकदा व शेवटी निर्माता रिक रुबिनच्या संस्करणात पुन्हा एकदा येते. अशी एकूण १४.

माझे मत आधीच मांडून ठेवतो, म्हणजे कोणाच्या बाजूने बोलत आहे याचा संशय नको. मला यातला जेमतेम निम्मा अल्बम पटतो. बँडमधल्याच माइक शिनोडाने स्वतः केलेली 'कासल ऑफ ग्लास' आणि 'व्हिक्टिमाइज्ड' ही दोन रूपे ऐकताना गाणे पुन्हा लिहिले गेले आहे असे वाटते. त्यातही 'व्हिक्टिमाइज्ड' हे मूळ पावणेदोन मिनिटांचे, एका दमात ओरडून संपणारे गाणे आहे. त्याला रीमिक्समध्ये ऐसपैस जागा मिळाली आहे, आणि गाण्याच्या कर्त्यानेच ती दिल्यामुळे उपरी वाटत नाही. बाहेरच्या काही मंडळींनी मात्र बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन याचा आवाज कच्च्या मालासारखा वापरला आहे. त्यातली एखादी ओळ उचलायची, ती तीन-चारदा कापून जोडायची, खालून आवाज चढवत न्यायचा आणि मग एकदम तळाचा बेस सोडायचा, हा साचा दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यातच ओळखीचा होतो.

विनंती एवढीच की 'मस्त' किंवा 'भंगार' अशा एका शब्दात निकाल देऊ नये. कोणते गाणे, कशावर ऐकले आणि मूळ गाण्यातले नेमके काय गेले किंवा काय नवे आले, हे लिहिलेत तर वाचणाऱ्याला उपयोग होईल.

---

गेरवाला_साउंड | शनिवार, रात्री १०:२५

दादा, 'कशावर ऐकले' हा प्रश्न तुम्ही ओझरता विचारला आहे, पण माझ्या मते अर्धा वाद तिथेच आहे.

माझा व्यवसाय ध्वनिव्यवस्थेचा आहे. लग्ने, महाविद्यालयांचे वार्षिकोत्सव आणि रंगपंचमीची गेर (मिरवणूक) यांसाठी आम्ही यंत्रणा लावतो. नाचाच्या संगीताचा पाया ज्या पट्ट्यात असतो तो साधारण ४० ते १०० हर्ट्झचा आहे. लॅपटॉपचे आणि मोबाइलचे स्पीकर या पट्ट्यातले जवळजवळ काहीच वाजवू शकत नाहीत. म्हणजे ज्या ठोक्यासाठी रीमिक्स केले तो ठोकाच ऐकणाऱ्याच्या कानावर पडत नाही आणि उरतो तो वरचा कर्कश कचरा. तो ऐकून कोणी अल्बमला नावे ठेवली, तर मी त्याला दोष देणार नाही, पण त्याने अल्बम ऐकला असेही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की अशा मिश्रणांत दर ठोक्याला बाकीचे सगळे आवाज क्षणभर दाबले जातात आणि ठोका सरला की परत वर येतात. आमच्या भाषेत याला साइडचेन म्हणतात. मोठ्या यंत्रणेवर हा दाब छातीवर जाणवतो आणि पाय आपोआप हलतात. हेडफोनवर तीच करामत गायकाचा आवाज कोणी सारखा उशीखाली दाबत असल्यासारखी भासते. 'बर्न इट डाउन'चे टॉम स्वूनने केलेले हाउस (सरळ चार ठोक्यांचे इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत) रूप मी दोन्हीकडे ऐकले आहे. घरी ते मला लांबलेले वाटले आणि मोकळ्या मैदानात, चार सबवूफरांवर, त्याची लांबी हवीहवीशी वाटली. गर्दीला तापायला वेळ लागतो आणि तो वेळ हाउसवाल्यांना बरोबर कळतो.

---

स्वरगंधा | रविवार, सकाळी ७:५०

यंत्रणेचा मुद्दा मान्य आहे, पण माझा आक्षेप उत्तम यंत्रणेवरही शिल्लक राहतो, कारण तो लयीचा आहे.

मी काही वर्षे शास्त्रीय गायन शिकले. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे नाव येथे अस्थानी वाटेल, तरीही घेते. १४ मात्रांचा झुमरा ताल अतिविलंबित लयीत ठेवून ते जो बडा ख्याल मांडत, त्यात दोन स्वरांमधली जागा हाच ऐवज होता. लय वाढवायची वेळ आली की तीच बंदिश वेगाने म्हणायची नसते, तर द्रुत लयीची दुसरी बंदिश घ्यायची असते, कारण तिचे शब्द, तिचे श्वास आणि तिची सम गाठण्याची रीत त्या लयीसाठीच बांधलेली असते.

चेस्टरच्या गाण्यालाही हे लागू आहे. 'बर्न इट डाउन'ची मूळ गती मिनिटाला ११० ठोके आहे. ते नाचाच्या सर्वसाधारण गतीला, समजा १२८ ठोक्यांना, आणायचे म्हटले तर आवाज शेकडा सोळाने धावू लागतो. स्वराची उंची तशीच ठेवून वेग वाढवण्याची सोय आता संगणकात आहे, त्यामुळे आवाज चिरका होत नाही हे खरे. परंतु शब्दाच्या शेवटी जो खरखरीत श्वास तो सोडतो, ओळ संपल्यावर जी पोकळी ठेवतो, ती आखडते. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त गायक घाईत आहे एवढे जाणवते. ज्याची सगळी ताकद शब्द ओढून धरण्यात आणि मग तो फाडून टाकण्यात होती, त्याला घाईत ऐकणे मला जड जाते. चेस्टर २०१७ मध्ये गेल्यानंतर तर अधिकच.

---

भिया_ड्रॉप | रविवार, दुपारी १:१५

ताई, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, पण ख्यालाची मोजपट्टी येथे लावली तर कोणतेच रीमिक्स उत्तीर्ण होणार नाही.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँडचा पहिला अल्बम 'हायब्रिड थिअरी' (२०००) आला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. लिंकिन पार्क माझ्यापर्यंत आला तोच वसतिगृहात कोणीतरी मोठ्याने लावलेल्या 'अ लाइट दॅट नेव्हर कम्स'मधून. तिथून मी मागे गेलो, 'लिव्हिंग थिंग्ज' ऐकला, मग 'मीटिओरा' ऐकला, आणि २०२४ मध्ये नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिच्यासह 'फ्रॉम झीरो' आला तेव्हा पहिल्याच दिवशी ऐकणाऱ्यांत मी होतो. ज्या अल्बमला येथे कच्च्या मालाचे दुकान म्हटले जात आहे, तो माझ्यासारख्यांसाठी घरात शिरण्याचा दरवाजा होता.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावी. 'लिव्हिंग थिंग्ज'मध्येच इलेक्ट्रॉनिक भाग भरपूर आहे. 'लॉस्ट इन द इको' सुरू होते ते सिंथेसायझरवर. त्यामुळे गिटारवाल्या शुद्ध बँडला नाचवाल्यांनी भ्रष्ट केले, ही कथाच खरी नाही. बँड स्वतःच त्या बाजूला निघाला होता, रीमिक्सवाल्यांनी फक्त गाडी पुढे नेली. ज्यांना २००० सालचा बँडच हवा आहे त्यांनी तसे सरळ म्हणावे.

---

सुदामानगरी | रविवार, दुपारी २:०५

सरळच म्हणतो, मला २००० सालचा बँड हवा आहे. पण ती वेगळी तक्रार झाली आणि ती या धाग्यात आणणार नाही.

---

रेकॉर्डवाले_काका | रविवार, सायंकाळी ६:३०

चर्चा वाचून राहवले नाही. मी साठी ओलांडलेला माणूस आहे आणि लिंकिन पार्क मला मुलामुळे माहीत झाला. परंतु रॉक बँडने नाचाचा अल्बम काढल्यावर चाहत्यांनी कपाळाला हात लावण्याचा प्रसंग मी याआधी पाहिलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९८९ मध्ये द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडचा 'डिसइंटिग्रेशन' आला. उदास, लांबलचक, धुक्यासारखा पसरलेला अल्बम. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, त्यांनी 'मिक्स्ड अप' काढला, ज्यात त्यांच्या जुन्यानव्या गाण्यांची नाचाची रूपे होती. ज्यांनी 'डिसइंटिग्रेशन' उशाशी घेऊन रात्री काढल्या होत्या त्यांना हा विश्वासघात वाटला. मला तो वाटला नाही, आणि त्याची कारणे आजच्या चर्चेला उपयोगी पडतील असे वाटते.

पहिले कारण म्हणजे त्या अल्बमची घडण. 'द वॉक' आणि 'अ फॉरेस्ट' या दोन गाण्यांच्या मूळ टेप सापडेनात, म्हणून बँडने ती नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि मग त्यांचे मिश्रण झाले. 'अ फॉरेस्ट' मुळात १९८० चे. दहा वर्षांनी त्याच माणसाने तेच गाणे पुन्हा गायले, तेही ते आता नाचासाठी आहे हे माहीत असताना. स्वरगंधाताईंचा मुद्दा येथे नेमका लागू पडतो. आवाजाला ओढून लयीत बसवावे लागले नाही, गायक स्वतः त्या लयीत उभा राहिला. मार्क साँडर्सने केलेल्या त्या 'ट्री मिक्स'मध्ये श्वास जागच्या जागी आहेत ते त्यामुळे.

दुसरे कारण रीमिक्स करणाऱ्यांची निवड. 'क्लोज टू मी' पॉल ओकनफोल्डकडे गेले आणि 'इन बिटवीन डेज' विल्यम ऑर्बिटकडे. ओकनफोल्डने ते गाणे पळवले नाही, त्याला झुलता ठेका दिला आणि मूळ गाण्यातली कोंदट खोली थोडी उघडी केली. ते ऐकताना गाणे मोठे झाल्यासारखे वाटते.

तिसरी गोष्ट पुष्कळ उशिरा घडली. २०१८ मध्ये 'मिक्स्ड अप'ची वाढीव आवृत्ती निघाली, तेव्हा द क्युअरचा गायक रॉबर्ट स्मिथ याने तिच्यासोबत 'टॉर्न डाउन' नावाचा भाग जोडला, ज्यात १६ गाण्यांची रीमिक्स त्याने स्वतः केली आहेत. स्वतःच्या गाण्यांवर स्वतः कात्री चालवण्याची ही हौस शिनोडाच्या त्या दोन गाण्यांशी ताडून पाहावी. सुदामानगरी, तुम्हाला तीच दोन रूपे का पटली, याचे उत्तर कदाचित त्यात सापडेल.

एक अवांतर. लांब रीमिक्सचा जन्म सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टनसारख्या मंडळींच्या हातून झाला आणि त्याला खरे बळ दिले ते १२ इंची सिंगल रेकॉर्डने. ७ इंची रेकॉर्डवर गाणे लांबवले तर खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि बेस दुबळा होतो. १२ इंचीवर खाचा रुंद, म्हणून आवाज मोठा आणि तळ भक्कम. गाणे सात-आठ मिनिटांचे करावे ही कल्पना तबकडीच्या रुंदीतून आली. आता रुंदीचा प्रश्न उरलेला नाही, तरी सवय मात्र उरली आहे.

---

गेरवाला_साउंड | रविवार, रात्री ८:१०

काकांचे लेखन वाचून 'अ फॉरेस्ट'ची दोन्ही रूपे शोधून ऐकली. नव्याने गाण्याचा फरक खरोखर ऐकू येतो.

स्वरगंधाताईंना एक विचारायचे आहे. गाण्यात ठाय (संथ मूळ लय) आणि दुगुन (तिची दुप्पट) असते ना? डबस्टेप या जड बेसच्या नाचसंगीताची गती मिनिटाला १४० ठोके धरतात, पण त्यात स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे शरीराला ती ७० चीच लय जाणवते. म्हणजे वर झांजा आणि बारीक कामगत दुगुनीत चालू, आणि गायक खाली ठायीत निवांत उभा. अशा मांडणीत आवाज पळवावा लागत नाही. सरळ चार ठोक्यांच्या हाउस आणि ट्रान्स या प्रकारांत मात्र ही पळवाट मिळत नाही, तिथे ठोका दर पावलाला असतो आणि आवाजाला त्याच्याबरोबर चालावेच लागते. मला वाटते, या अल्बमवर सरसकट 'घाई'चा शिक्का मारण्यापूर्वी कोणते रीमिक्स कोणत्या ठेक्याचे आहे ते पाहावे.

---

स्वरगंधा | रविवार, रात्री ९:३५

प्रश्न फार चांगला आहे आणि त्यामुळे मी आज पुन्हा हेडफोन लावून बसले.

ठाय-दुगुनीची मांडणी जिथे आहे तिथे माझा त्रास खरोखर कमी होतो, हे मान्य करायला हवे. गायक एका लयीत आणि खालचा पसारा दुसऱ्या लयीत, यात आपल्या कानाला काहीच परके नाही. तबलजी लग्गी (जलद ठेका) धरतो तेव्हा ठुमरी गाणारी काही धावू लागत नाही. म्हणून आक्षेप नेमका करते. माझी तक्रार गतीवाढीपेक्षा पोकळी भरून टाकण्याविषयी आहे. 'रोड्स अनट्रॅव्हल्ड' हे मूळ गाणे घंटानादाने सुरू होते आणि त्यात ओळींच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे. शिनोडा जवळजवळ बोलल्यासारखा गातो, चेस्टर नंतर सामील होतो. रॅड ओमेनच्या रूपात त्या गाण्यात बन बी या रॅपरचा भाग आला. बन बी स्वतः मोठा कलावंत असेल, पण ज्या गाण्याचा विषयच न गेलेल्या वाटा हा आहे, तिथे प्रत्येक कोपऱ्यात कोणीतरी बोलत असावे हे मला पटत नाही.

याउलट मनी मार्कने केलेले 'अंटिल इट ब्रेक्स'. त्याच्या नावातच 'हेडफोन रीमिक्स' असे आहे, आणि हा माणूस बीस्टी बॉइजबरोबर कीबोर्ड वाजवणारा, म्हणजे मैदान पेटवणे हे त्याचे कामच नव्हे. मूळ गाणे मुळातच तीन तुकड्यांचे आहे. शिनोडाचा रॅप, मध्ये चेस्टर, आणि शेवट गिटारवादक ब्रॅड डेल्सनच्या आवाजात. इतक्या विस्कळीत गाण्याला सावकाश हाताळणारा माणूस मिळाला, ही या अल्बममधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. नाचाच्या अल्बममध्ये मला न नाचणारे गाणे आवडावे, यावर भिया_ड्रॉप हसतील याची कल्पना आहे.

---

भिया_ड्रॉप | रविवार, रात्री ९:४५

हसलो नाही, ताई. फक्त त्याच गाण्याचे डॅटसिकचे रूप मोठ्या आवाजात एकदा ऐकावे, एवढी विनंती करतो. शेजाऱ्यांची परवानगी घेऊन.

---

जेलरोड_वकील | सोमवार, सकाळी ११:२०

चर्चेत एक भेद राहून जात आहे, तो नोंदवतो, कारण आपल्याकडे 'रीमिक्स' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेगळेच काही उभे राहते.

२००२ च्या सुमारास आपल्याकडे हिंदी रीमिक्सची लाट होती. त्यातले सर्वांत गाजलेले 'कांटा लगा'. मूळ गाणे १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातले, राहुल देव बर्मन यांचे संगीत आणि आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंचा आवाज. नव्या ध्वनिफितीत मात्र लताबाईंचा आवाज नव्हता, दुसऱ्या गायिकेने ते पुन्हा गायले होते. कायद्याच्या दृष्टीने ते रीमिक्स नव्हतेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा कलम ५२ खाली 'व्हर्शन' ध्वनिमुद्रणाची तरतूद होती. रॉयल्टी भरून गाणे पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करता येत असे, पण मूळ ध्वनिफीत वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद कलम ३१-सी मध्ये गेली. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष सरल्यावर पाच कॅलेंडर वर्षे थांबण्याची अट आली आणि गाण्यात अनावश्यक फेरफार करण्यावर बंधन आले. लताबाईंनी रीमिक्सबद्दलची नाराजी जाहीरपणे व्यक्त केली होती. त्या नाराजीच्या मुळाशी हेच होते की ज्यांचे गाणे, त्यांना कोणी विचारले नाही.

'रिचार्ज्ड'मध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे. येथे बँडने स्वतःच्या ध्वनिमुद्रणाच्या सुट्या पट्ट्या, म्हणजे आवाज वेगळा, ढोल वेगळे, गिटार वेगळी, अशा रीमिक्सवाल्यांच्या हाती दिल्या आणि आलेले काम स्वतः निवडून अल्बममध्ये घातले. चेस्टरचा आवाज चेस्टरच्या हयातीत, बँडच्या संमतीने कापला गेला. ऐकणाऱ्याला ते आवडो वा न आवडो, भ्रष्ट केल्याचा आरोप मात्र येथे टिकत नाही.

---

सुदामानगरी | सोमवार, दुपारी १:४०

वकीलसाहेब, आरोप टिकत नाही हे मान्य, पण संमतीने केलेले काम चांगलेच असते असे नाही. संमती देणाऱ्याच्याही रुचीबद्दल आपण बोलू शकतो.

मला तुमच्या मुद्द्याच्या आधाराने दुसऱ्याच तुलनेकडे जायचे आहे. याच बँडने, याच संमतीने, २००२ मध्ये 'हायब्रिड थिअरी'वरून 'रीअ‍ॅनिमेशन' काढला होता. गाण्यांच्या नावांतली अक्षरे गाळून, त्यांत आकडे घुसडून त्यांनी ती अशी लिहिली होती की कॅसेटच्या वेष्टनावर वाचताना दुकानदार चक्रावून जाई. पण गंमत नावांपुरती नव्हती. 'क्रॉलिंग'च्या नव्या रूपात आरन लुइस येऊन गायला, 'वन स्टेप क्लोजर'मध्ये कॉर्न या बँडचा जोनाथन डेव्हिस आला, आणि 'हाय व्होल्टेज'वर रॅपर फॅरो मांचने जी ओळीमागून ओळ रचली आहे ती मी आजही अवाक होऊन ऐकतो. काकांनी 'अ फॉरेस्ट'बद्दल जे सांगितले तेच येथे घडले होते. माणसे प्रत्यक्ष येऊन त्या नव्या गाण्यात उभी राहिली आणि गाण्याची बांधणीच बदलली. हिपहॉप करणाऱ्याला शब्द लागतात, त्यामुळे त्याला गाण्याचा अर्थ वाचावाच लागतो. नाच करवणाऱ्याला ठोका लागतो आणि अर्थाकडे न पाहताही त्याचे भागते.

हे लिहिताना 'रिचार्ज्ड'मधील रॅपर पुशा टीचा अपवाद मला दिसतो आहे. तो 'आय विल बी गॉन'च्या व्हाइसने केलेल्या रूपात आहे, आणि त्याच गाण्याच्या स्कूलबॉयच्या रूपापेक्षा मला ते अधिक भिडते ते याच कारणाने.

---

भिया_ड्रॉप | सोमवार, दुपारी ३:१०

दादा, 'अर्थाकडे न पाहताही भागते' हे वाक्य मला टोचले, म्हणून उत्तर देतो.

'बर्न इट डाउन' हे गाणे कशाविषयी आहे? आपणच बांधायचे, आपणच जाळायचे आणि पुन्हा बांधायला घ्यायचे, अशा चक्राविषयी. हाउसची रचनाही चक्राकार असते, थर चढत जातात, कोसळतात आणि पुन्हा चढू लागतात. टॉम स्वूनने अर्थ वाचला नाही असे कोणत्या आधारावर म्हणता? त्याने तो शब्दांत लिहिला नाही, बांधणीत लिहिला. ताईंना जी पोकळी गेल्याचे दुःख आहे, ती पोकळी हाउसमध्ये ओळींच्या मध्ये न सापडता गाण्याच्या मध्यावर सापडते, जेव्हा ढोल थांबतात आणि नुसता सूर तरंगत राहतो. जागा बदलली, इतकेच.

---

बडोदेकर_मंजलपूर | सोमवार, सायंकाळी ७:००

बडोद्याहून वाचत आहे. आमच्याकडे नवरात्रात नऊ रात्री गरबा असतो, म्हणून नाचणाऱ्याच्या बाजूने दोन वाक्ये लिहितो. वर्तुळात फिरणाऱ्या माणसाला गाणे कुठे संपून दुसरे कुठे सुरू झाले याच्याशी कर्तव्य नसते, त्याला टाळी कधी येणार हे आधी कळावे लागते. 'रिचार्ज्ड'मध्ये काही जागी ही टाळी ऐन वेळी हुकवली आहे, विशेषतः 'लाइज ग्रीड मिझरी'च्या डर्टीफॉनिक्सच्या रूपात, आणि रॉक ऐकणाऱ्याला तेच थरारक वाटेल. पण नाचणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो. हा अल्बम रॉकवाल्यांना फार नाचरा आणि नाचवाल्यांना फार रॉक वाटण्याचे हे एक कारण असावे.

---

रेकॉर्डवाले_काका | सोमवार, रात्री ८:४५

भिया_ड्रॉपचे 'बांधणीत लिहिला' हे म्हणणे मला पटले आहे, आणि त्याच न्यायाने सुदामानगरींचे हिपहॉपबद्दलचे मत थोडे एकांगी वाटते. 'पिक्चर्स ऑफ यू' हे क्युअरचे मूळ सात मिनिटांहून मोठे गाणे. 'मिक्स्ड अप'मधील त्याचे रूप डबच्या अंगाने जाते. डब ही जमैकाची कला, किंग टबीसारख्यांनी घडवलेली, जिच्यात मिश्रण करणारा आवाज काढून घेतो आणि राहिलेल्या प्रतिध्वनीला बोलू देतो. तिथे एकही नवा शब्द आलेला नाही, उलट असलेले कमी झाले आहेत, तरीही हरवलेल्या माणसाच्या छायाचित्रांकडे पाहण्याचा अर्थ अधिक गडद होतो. म्हणजे भर न घालता, काढून घेऊनही गाणे वाचता येते. 'रिचार्ज्ड'मध्ये मला खटकते ते हे की काढून घेणारे हात फार थोडे आहेत. मनी मार्क आहे, काही प्रमाणात शिनोडा आहे. बाकी प्रत्येकाने आपल्या घरचे काहीतरी आणून ओतले आहे.

---

गेरवाला_साउंड | मंगळवार, सकाळी १०:०५

काढून घेण्याबद्दल काकांनी लिहिले ते माझ्या कामात रोज दिसते. गर्दी थकू लागली की नवखा मुलगा आवाज वाढवतो. जुना माणूस आधी बेस पूर्ण बंद करतो, नुसता गायकाचा आवाज आठ मात्रा जाऊ देतो आणि मग बेस परत देतो. त्या आठ मात्रांत मैदान स्वतः गाऊ लागते.

म्हणून 'रिचार्ज्ड' मी सलग कधीच लावत नाही. कार्यक्रमात आओकीचे गाणे लागते, मुलांना ते तोंडपाठ असते. त्यानंतर टॉम स्वूनचे 'बर्न इट डाउन' सुरू करतो, पण मध्यावर ढोल थांबतात तिथून, रीमिक्स सोडून, मूळ 'लिव्हिंग थिंग्ज'मधल्या गाण्याच्या ध्रुवपदावर उडी मारतो. गती ११० वर उतरते, जोडताना थोडी कसरत होते आणि काही जण क्षणभर अडखळतात. पण स्वरगंधाताई ज्या श्वासाबद्दल बोलत आहेत, तो त्या वेळी आख्ख्या मैदानाला ऐकू जातो. डॅटसिकचे रूप मात्र रात्री साडेनऊच्या आत वाजवून मोकळा होतो, कारण दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात आणि तो बेस अर्ध्यात तोडला तर मुले मला घरी जाऊ देत नाहीत.